रविवारची पिशवी आणि ३,८०० रुपयांचा फरक

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय. वय बेचाळीस, शाळेत शिक्षिका. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गेल्या दिवाळीपासून त्या दर रविवारी सकाळी एका मैदानावर भरणाऱ्या सेंद्रिय शेतकरी बाजारात जातात. आधी भाजी-फळांना महिन्याला ३,००० रुपये पुरायचे, आता ६,८०० जातात. नवऱ्यानं एक्सेलमध्ये दोन रकाने करून दाखवले आणि काही बोलला नाही, ते त्यांना जास्त लागलं. सासूबाई मात्र बोलल्या: "आमच्या बाजारातनं येताना चार पैसे उरायचे. तुमच्या बाजारातनं येताना पिशवी तेवढी उरते." कोपऱ्यावर वीस वर्षं हातगाडी लावणाऱ्या भाजीवाल्या मावशी हल्ली "ओळख विसरलात काय?" म्हणतात, म्हणून ताई पलीकडच्या गल्लीतून घरी येतात. मधला दलाल नाही, तरी माल महाग का, हे त्यांना उमगत नाही. शेतकऱ्याशी घासाघीस करायला जीभ रेटत नाही. आणि आणलेल्या पालेभाजीतली एखाद-दुसरी जुडी गुरुवारी कुंड्यांच्या खतात जाते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. त्यांचा प्रश्न: हे सगळं सोडून द्यायचं, की मुलांच्या पोटात विष जाऊ नये आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून दुसऱ्या खर्चाला कात्री लावायची? ता. क. मध्ये आणखी एक: शेतकऱ्याकडे मिरची-कोथिंबीर वर मागितली तर चालते का?

ताई,

पत्राच्या आधी मी तुमच्या मोबाइलमधल्या नोंदींचा फोटो वाचला. चार रविवार, ओळ न् ओळ. "शेपू २ जुड्या." "ना. बिस्किटं." "धाकट्याला उसाचा रस, मोठ्यालाही." इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या बाईला हिशोब शिकवायला मी कोण? मी एवढंच केलं, तुम्ही तारखेनं लिहिलं होतं ते जिनसांनी मांडलं.

पालेभाज्या ७२० रुपये. कांदे-बटाटे धरून बाकीची भाजी १,९८०. फळं १,१००. इथवर झाले ३,८००. पुढं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल दोन लिटर, ७६०. देशी गाईचं तूप अर्धा लिटर, १,१००. गूळ, मध, लोणचं आणि ती नाचणीची बिस्किटं मिळून ६९०. थालीपीठ, रस, मुलांचं खाणं ४५०. बेरीज ६,८००. तुमच्या नवऱ्याच्या एक्सेलशी रुपयाला रुपया जुळते.

म्हणजे भाजी-फळांना तुम्ही ३,८०० देता. उरलेले ३,००० भाजीचे नव्हतेच कधी. तेल-तूप पूर्वी वाण्याच्या यादीत असायचं, खाणं बाहेरच्या खर्चात. ते सगळं उचलून रविवारच्या रकान्यात आलं आणि रकाना फुगला. वाण्याचं बिल तेवढं खाली आलं का, हे यजमानांना एकदा विचारा. एक्सेल काढलंच आहे तर तिसरा रकानाही करू देत.

तर भाजी-फळांतली खरी वाढ ८०० रुपयांची. त्यातही तुमच्या नोंदीत सेंद्रिय कांदा आहे, पाच किलो, ७० रुपयांनी. सेंद्रिय बटाटा चार किलो, तोही ७० नं. झाले ६३०. कोपऱ्यावर तोच कांदा ३५ नं आणि बटाटा ३० नं मिळतो असं तुम्हीच लिहिलंय. त्या भावानं २९५ होतात. एकट्या कांद्या-बटाट्यानं ३३५ रुपये खाल्ले. ते वजा केले तर उरतात ४६५. पाच माणसांचं घर, तीस दिवस: माणशी रोज तीन रुपये.

एवढ्यासाठी तुम्ही पलीकडच्या गल्लीतून घरी येताय.

तीन रुपये म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात महिनाअखेर मोजून काढावी लागते तिथं ४६५ रुपये म्हणजे मुलाची वह्या-पुस्तकं. पण तुमच्या पत्रातला सूर "हे परवडतच नाही" असा होता, आणि तो सूर ३,८०० च्या वाढीचा होता. ४६५ ला तो लागू होतो का, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं, नाही.

आता दलालाचं. मधला माणूस गेला की माल स्वस्त मिळायला हवा, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासनिबंधात हिशोब मांडलाय: टोमॅटोला आपण जो रुपया मोजतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याच्या रुपयातले ३६, बटाट्याच्या ३७. वाचून कुणाचंही रक्त तापेल. पण उरलेले ६७ पैसे एका कुणाच्या खिशात जात नाहीत. त्यात टेम्पोचं भाडं आहे, हमाली आहे, तोलाई आहे, आडत आहे, क्रेटच्या तळाशी चेपलेले टोमॅटो आहेत, आणि भर उन्हात हातगाडी ढकलणाऱ्या तुमच्या मावशींचं घर आहे. शेतकरी स्वतः तुमच्या मैदानावर येतो तेव्हा ही कामं नाहीशी होत नाहीत, त्याच्या अंगावर पडतात. शंभर जुड्या आणायलाही छोटा हत्ती टेम्पो ठरवावाच लागतो, आणि त्याचं भाडं हजार जुड्यांवर वाटलं जात नाही. शनिवारी दुपारपासून काढणी, रात्री जुड्या बांधणं, पहाटे निघणं, जागेचं भाडं, दुपारपर्यंत उभं राहणं. खुरपणीच्या बायकांची मजुरी वेगळी, कारण तणनाशक मारायचं नाही असं त्यानं ठरवलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उरलेला माल. वांगी उद्या चालतील. मेथी चालत नाही, ती गुरांपुढं जाते.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझं माहेर सासवडच्या बाजूचं. सातवीत असताना एकदा हट्टानं वडिलांबरोबर कोथिंबिरीच्या टेम्पोत बसून शहरात आले होते. जुड्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं, रात्रभर तो वास नाकात. आजही बंद फ्रीज उघडल्यावर कोथिंबिरीचा वास आला की मला टेम्पोच्या फळीची गार कड आठवते. पहाटे बाजारात पोचलो तर आमच्या आधी कोथिंबिरीच्याच गाड्या लागलेल्या. शेकड्याला जो भाव निघाला त्यात गाडीभाडं, हमाली जाऊन आडत्याच्या हिशोबाच्या पट्टीवर काय उरलं ते वडिलांनी मला दाखवलं नाही. पट्टीची चौकोनी घडी करून टोपीत ठेवली. परतताना चहा मात्र पाजला, बरोबर खारी. आणि म्हणाले, "भाव पडतो, त्याचं काय नाही. कुणी एक जण म्हणाला असता ना, उद्यापण पन्नास जुड्या आण, तर पन्नास तरी मोकळ्या मनानं काढल्या असत्या."

तुमच्या पत्राला माझं उत्तर जवळजवळ तेवढंच आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून तुम्ही जास्त भाव मोजताय. तो नको म्हणणार नाही, पण त्याची रात्रीची झोप भावानं उडत नाही तेवढी "उद्या किती काढू?" या प्रश्नानं उडते. एका रविवारी हौसेनं ९०० रुपयांची खरेदी करून पुढचे दोन रविवार फिरकायचं नाही, यापेक्षा दर रविवारी ४०० रुपयांची ठरलेली भाजी घेणारं गिऱ्हाईक त्याला सोन्यासारखं असतं. तेवढ्या जुड्या तो डोळे झाकून काढू शकतो. तुम्हाला जमेल असं काही करायचं असेल तर नेम धरा. रक्कम लहान असली तरी चालेल.

सोलापूरच्या बाजारात २०२३ च्या फेब्रुवारीत ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला होता, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. तशा बातम्या वाचल्या की आपल्याला वाटतं, भाजीवर पैसे मोजताना हात आखडता घेणं म्हणजे पाप. ती अपराधी भावना तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे. पण त्या कांद्याचा प्रश्न तुमच्या ७० रुपये किलोच्या कांद्यानं सुटत नाही. तो पिकाच्या नियोजनाचा, साठवणुकीचा, निर्यातीच्या धोरणाचा प्रश्न आहे. तिथं तुम्ही मतदार म्हणून बोला. मैदानावर तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि गिऱ्हाइकानं भाव विचारणं हा कुणाचाही अपमान नसतो.

घासाघिशीचं म्हणूनच सांगते. फळ्यावर भाव लिहिलेला असेल तर शिष्टाचार असा की एका जुडीसाठी वाद घालू नये. तीन घेताना "तिन्हीचे मिळून किती धरू?" हे मात्र जरूर विचारावं, शेतकरीही बाजारातच वाढलेला असतो, त्यालाही तो खेळ येतो. उठायच्या वेळी, साडेअकरा-बाराला, तो स्वतःच भाव उतरवतो. त्या वेळी स्वस्तात घेणं म्हणजे त्याला लुबाडणं नव्हे. जी मेथी गुरांपुढं जाणार होती ती तुम्ही घरी नेताय. फक्त दर रविवारी बाराला जाऊन "आता काय, टाकूनच देणार ना?" म्हणणाऱ्यांतल्या तुम्ही होऊ नका. तसे लोक असतात. त्यांना शेतकरी तोंडावर हसतो आणि मागं काय म्हणतो ते इथं छापता येत नाही.

आता जरा नाजूक भाग. "शेतकरी बाजार" ही एकच गोष्ट आहे असं तुम्ही धरून चालला आहात. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, शेतकऱ्याला समितीच्या आवाराबाहेर थेट विकायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की घराजवळ बुधवारी संध्याकाळी असा एक बाजार भरतो, "पण तिथं सेंद्रिय नसतं म्हणून जात नाही". तो बाजार या जातीचा. तिथले भाव बहुतेक वेळा हातगाडीच्या आसपास, कधी खालीच असतात. तुमचा रविवारचा बाजार निराळ्या जातीचा: निवडक विक्रेते, सेंद्रिय माल, शेजारी घाण्याचं तेल, हातमागाच्या पिशव्या आणि थालीपीठ. मुंबईत वांद्र्याला २०१० मध्ये सुरू झालेला बाजार हा त्याच घराण्यातला. दोन्ही चांगले. पण या दुसऱ्या बाजाराचे भाव बघून "थेट शेतकऱ्याकडून घेणं महाग" असा निकाल लावणं म्हणजे सराफाच्या दुकानात जाऊन धातू महाग झाले म्हणण्यासारखं.

आणि दोन्हीकडं प्रत्येक गाळ्यावर शेतकरीच उभा असतो असंही नाही. काही जण पहाटे घाऊक बाजारात माल भरतात आणि आठला मैदानावर "शेतकरी" होतात. ओळखायचं कसं? माल बघा. स्वतःच्या शेतातलं आणणाऱ्याकडं चार-पाच जिनसा असतात, एकाच हंगामातल्या, आणि आकार कमी-जास्त. दोन जुड्या बारीक, एक जाड. ज्याच्याकडं मटार, ब्रोकोली, सफरचंद आणि आलं एकाच फळीवर रांगेत लागलंय, त्याच्या शेताचा सातबारा कुठला असेल ते तुम्हीच ताडा. मग विचारा: शेत कुठं, पाणी कुठलं, आता तोडणी कितवी, गेल्या आठवड्यात काय फवारलं? खरा शेतकरी या प्रश्नांनी खुलतो. दशपर्णी अर्क कुठल्या दहा पाल्यांचा केला, निंबोळी कशी कुटली, मावा ही कीड कशी आटोक्यात येईना, हे सगळं तुम्हाला उशीर होईपर्यंत ऐकवतो. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो म्हणतो, "ताई, सगळं नॅचरल आहे."

प्रमाणपत्राचा विषय इथं येतोच. पीजीएस इंडिया नावाच्या सरकारी पद्धतीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. "पीजीएस ग्रीन" म्हणजे शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे, "पीजीएस ऑरगॅनिक" म्हणजे ती वाट पुरी झालीय. पाकीटबंद मालावर सेंद्रियचं सरकारी बोधचिन्ह असतं. छोट्या शेतकऱ्यानं स्वतः थेट विकलं तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, म्हणून कागद नाही याचा अर्थ खोटा, असं नव्हे. पण "विषमुक्त" हा शब्द कुणीही खडूनं पाटीवर लिहू शकतं, हे लक्षात असू द्या. त्या शब्दाचे जादा पैसे मोजण्याआधी त्या माणसाशी दोन रविवार गप्पा मारा.

"मुलांच्या पोटात विष" हे शब्द तुम्ही तीनदा लिहिलेत. आईला भीती वाटते ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण भीतीलाही क्रम लावता येतो. वांगी, फ्लॉवर, भेंडी, मिरची, द्राक्षं ही किडीला लवकर बळी पडणारी पिकं, त्यांच्यावर फवारण्या जास्त होतात. जादा पैसे द्यायचेच तर तिथं द्या. पालेभाजी आपण पानासकट, देठासकट खातो, तीही या यादीत घ्या. सुरण, रताळं, लाल भोपळा, यांची साल आपण काढूनच टाकतो. ते कोपऱ्यावरून आणलं म्हणून काही बिघडत नाही. कांदाही तसाच, वरची दोन सालं तर आपण फेकतोच. आणि बटाट्याचं म्हणाल तर आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर पावसाळी बटाटा चांगला होतो, तो हंगामात हौसेनं घ्या. एरवी पुण्याच्या बाजारात येणारा बराचसा बटाटा आग्रा, इंदूर, गुजरातकडचा असतो. तुमच्या ७० रुपयांच्या बटाट्याचं गाव तुम्ही विचारलं होतंत का?

मावशींकडं वळते, कारण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तेच खटकलं. त्यांची भाजी "लोकल नाही" असं तुम्ही कधी ठरवलंत? मावशी पहाटे घाऊक बाजारातून माल उचलतात. त्यांच्या गाडीवरची मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, काकडी पुरंदर, जुन्नर, खेड, शिरूर याच तालुक्यांतून आलेली असण्याची शक्यता दाट. तुमच्या रविवारच्या शेतकऱ्याच्या शेजारच्या शेतातली असेल. फरक फवारणीचा असेल, अंतराचा नाही. शिवाय मावशी पावशेर मिरची देतात, उधार देतात, धाकट्याला गाजर देतात, आणि तुम्ही आजारी असताना वरपर्यंत पिशवी आणून देतात. (शेवटचं मी तुमच्या पत्रातूनच घेतलंय.) शेतकऱ्याच्या भल्यासाठी त्यांचं गिऱ्हाईक तोडायचं, यात कुणाचं भलं झालं?

उलट मावशीच तुमचा आणखी एक खर्च वाचवतील. गुरुवारी खतात जाणाऱ्या जुड्या. महिन्याच्या ७२० रुपयांच्या पालेभाजीतली समजा चौथाई वाया जाते. १८० रुपये झाले, आणि हा तोटा कुठल्याच एक्सेलमध्ये दिसत नाही. तो होतो कारण तुम्ही रविवारी सात दिवसांची भाजी भरता. पालेभाजी बुधवारपर्यंतचीच घ्या, म्हणजे दोन, फार तर तीन जुड्या. घरी आल्यावर न धुता निवडून, मुळं काढून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. धुवायची ती चिरायच्या आधी. सोमवारी मेथी, मंगळवारी शेपू, बुधवारी माठ किंवा चाकवत. त्यापुढं दुधी, गवार, घेवडा, दोडका, आणि उसळी आहेतच. शुक्रवारी हाताला काही लागलं नाही तर खाली उतरा, मावशींची गाडी तिथंच असते.

हंगामाचाही फायदा घ्या. मार्गशीर्ष-पौषात मटार, गाजर, पावटा, मेथी यांचे भाव सगळीकडंच उतरतात, तेव्हा मटार सोलून फ्रीजरमध्ये टाका. पितृपक्षात गवार, भेंडी, कारल्याला हात लावायची सोय नसते, तेव्हा रविवारचा फळा आधी बघा. सेंद्रियवाल्यांपैकी काही जण वर्षभर भाव फारसे हलवत नाहीत, त्यामुळं बाजार चढला की तेच स्वस्त पडतात. २०२३ मध्ये मे महिन्यात टोमॅटो मातीमोल झाला होता आणि जुलैत किलोला शंभरी ओलांडून गेला होता. अशा चढ-उतारात एकाच भावाचा शेतकरी कधी तुम्हाला महाग वाटेल, कधी देव. दोन्ही वेळा त्याच्याकडं जात राहिलात तर सरासरी जमते, त्याचीही आणि तुमचीही. आणि पावसाळ्यात कुणी टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसलं असेल तर बिनधास्त घ्या. रानात आपोआप उगवतं, फवारायला तिथं कोण जातंय? शिजवायचं कसं ते मात्र विकणारीलाच विचारून घ्या, काही रानभाज्या आधी उकडून पाणी काढावं लागतं.

तर मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. रविवारी ४५० रुपये वेगळ्या पाकिटात घालून नेले असते, फक्त पालेभाजी, एरवी जिच्यावर जास्त फवारणी होते ती भाजी आणि हंगामातलं एखादं फळ यासाठी. एखादा शेतकरी पक्का धरला असता, त्याचा नंबर घेतला असता आणि शनिवारी दुपारी काढणीच्या आधी कळवलं असतं: मेथी दोन, वांगी अर्धा किलो, भेंडी अर्धा. येणार नसेन तर तेही. तेल पटत असेल तर ते वाण्याच्या रकान्यात टाकून चालू ठेवलं असतं. तुपाचा विचार दोनदा केला असता. बिस्किटं सोडली असती. नाचणीचं पीठ घरी आहे तुमच्या, आणि मुलांना ती बिस्किटं आवडत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. थालीपिठाचे पैसे मात्र कमी केले नसते. रविवारी सकाळी मुलं आईबरोबर मैदानात उभं राहून गरम थालीपीठ खातात, त्याला भाजीचा खर्च कुणी म्हणू नये. कांदे-बटाटे मावशींकडून. बुधवारच्या बाजारात एकदा चक्कर, नुसते भाव बघायला तरी.

ज्यांचं बजेट याहून घट्ट आहे (ठाण्याहून आणि नाशिकहून अशीच दोन पत्रं आलीत), त्यांनी रविवारचा सेंद्रिय बाजार सोडून सरळ आठवडे बाजार धरावा आणि मनाला काही लावून घेऊ नये. ताजी पालेभाजी, नीट धुतलेली, रोज ताटात असणं हे आधी. ती सेंद्रिय असणं त्याच्यानंतर. सोसायटीत चार-पाच घरं एकत्र आली तर एखादा शेतकरी गट आठवड्याची टोपली दारात आणून देतो. भाडं वाटलं गेलं की भावही जरा उतरतो. अट एकच, टोपलीत येईल ते खायचं. पाचांपैकी एका घरात "आम्ही दोडका खात नाही" निघालं की तो गट महिन्यात मोडतो, हे मी दोनदा पाहिलंय. एकदा ते घर माझंच होतं.

सासूबाईंना पुढच्या रविवारी बरोबर न्या. त्यांनी आयुष्यभर आठवडे बाजार केलाय. शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे त्या फळीवर एक नजर टाकून सांगतील, माझ्या चार प्रश्नांची गरज पडणार नाही. पैसे त्यांच्या हातात द्या. भाव त्यांना विचारू द्या, आणि त्या विचारत असताना लाजून दोन पावलं मागं सरू नका.

ता. क. चं राहिलं. मागा. थोडी कोथिंबीर आणि चार मिरच्या मागायला हरकत नाही, भाजी घेतल्यावर, पैसे देण्याच्या आधी, हसून. माझे वडील आपणहून कधी द्यायचे नाहीत, पण कुणी मागितल्यावर नाही म्हणालेलं मला आठवत नाही. कोथिंबीर कडाडलेली असली की मात्र ते मूठभर कढीपत्ता द्यायचे, आणि बाई तो घेऊन तेवढ्याच खुशीत जायची.